ॲस्टरिक्सडीबी: ठरीव साचा नसलेला मोठा डेटा कसा सांभाळायचा

कुरिअरच्या एका पार्सलची नोंद घ्या. पार्सलचा क्रमांक, वजन, दोन्ही टोकांचे पिनकोड या गोष्टी प्रत्येक नोंदीत असतात. त्यानंतर येते हालचालींची यादी: कुठल्या केंद्रात किती वाजता पोहोचलं, तिथून कधी निघालं. एखाद्या पार्सलला अशा तीन हालचाली असतात, एखाद्याला चाळीस. पैसे घरी घ्यायचे असतील तर रक्कम, परत आलं असेल तर कारण, नाशवंत माल असेल तर तापमानाच्या नोंदी. ॲपची नवी आवृत्ती आली की आणखी दोन रकाने वाढतात आणि जुन्या नोंदींत ते नसतात. अशा माहितीला अर्धरचित डेटा म्हणतात. तिला रचना असते, पण ती प्रत्येक नोंदीत थोडी वेगळी असते आणि नोंदीसोबतच लिहिलेली असते. बहुतेक वेळा हा डेटा जेसन स्वरूपात येतो, म्हणजे फील्डचं (रकान्याचं) नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या लिहिलेल्या साध्या मजकुरात.

नेहमीच्या रिलेशनल डेटाबेसमध्ये तो ठेवायचा तर एका पार्सलची चार-पाच टेबलं होतात आणि नवा रकाना आला की टेबलाची व्याख्या बदलावी लागते. जेसनच्या फाइली नुसत्याच हडूपवर, म्हणजे अनेक यंत्रांवर फाइली वाटून ठेवणाऱ्या प्रणालीवर, टाकून ठेवल्या, तर एका पार्सलची चौकशी करायलाही सगळ्या फाइली वाचाव्या लागतात. टेबलांऐवजी अख्खी नोंद एक डॉक्युमेंट म्हणून साठवणाऱ्या नोएसक्यूएल प्रणालींत एक नोंद झटकन सापडते. पण दोन मोठे संच जोडून, गट पाडून, बेरजा काढायच्या म्हटलं की त्यांतल्या बऱ्याच प्रणाली हा भार ॲप्लिकेशनच्या कोडवर ढकलतात. ॲस्टरिक्सडीबी ही मुक्त स्रोत प्रणाली नेमकी या तिन्हींच्या मधल्या जागेसाठी बांधली गेली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन, रिव्हरसाइड आणि सॅन दिएगो या तीन शाखांनी २००९ मध्ये हे काम सुरू केलं. निधी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा होता. अर्व्हाइनचे मायकेल केरी आणि चेन ली, रिव्हरसाइडचे वासिलिस त्सोत्रास ही यातली प्रमुख नावं. पहिली सार्वजनिक आवृत्ती २०१३ मध्ये आली, २०१५ मध्ये प्रकल्प मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या ॲपाची फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उमेदवारीच्या टप्प्यात, गेला आणि २०१६ मध्ये तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. परवाना ॲपाचीचाच, म्हणजे व्यावसायिक वापरालाही मोकळा. काउचबेस कंपनीची ॲनालिटिक्स सेवा याच इंजिनावर उभी आहे.

या प्रणालीबद्दल एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. ‘स्कीमा (डेटाचा आधी ठरवलेला साचा) लागत नाही’ असं तिच्याबद्दल सरसकट बोललं जातं, पण ते अर्धवट आहे. आधी किती सांगायचं आणि किती मोकळं सोडायचं हे ॲस्टरिक्सडीबी तुमच्यावर सोपवते. पुढे जागा किती लागेल, क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) किती वेगाने चालेल, चुका कधी उघडकीला येतील, हे बरंचसं त्या एका निवडीवर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू. (आज्ञा या लेखात देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या.)

किती सांगायचं, किती मोकळं सोडायचं

सर्वांत बाहेरचा डबा म्हणजे डेटाव्हर्स. इतर डेटाबेसमध्ये ज्याला आपण ‘डेटाबेस’ म्हणतो, साधारण तेच. त्याच्या आत टाइप आणि डेटासेट असतात. टाइप म्हणजे नोंद कशी असावी याचं वर्णन, आणि डेटासेट म्हणजे त्या टाइपच्या नोंदींचा प्रत्यक्ष साठा. प्रत्येक डेटासेटला प्रायमरी की, म्हणजे नोंद एकमेव ओळखणारं फील्ड, द्यावीच लागते आणि ते फील्ड रिकामं चालत नाही. स्वतःची की नसेल तर यूयूआयडी (कधीही न जुळणारा लांब ओळखक्रमांक) प्रकारचं फील्ड ठेवून पुढे ‘ऑटोजनरेटेड’ लिहायचं, म्हणजे प्रणाली ती स्वतः भरते.

टाइप दोन तऱ्हांचा असतो, ओपन किंवा क्लोज्ड. काहीच सांगितलं नाही तर तो ओपन धरला जातो. ओपन टाइपमध्ये तुम्ही जाहीर केलेली फील्ड्स तपासली जातात आणि त्याखेरीज नोंदीत जे काही जास्तीचं येईल ते जसंच्या तसं साठवलं जातं. क्लोज्डमध्ये जास्तीचं एकही फील्ड आलं की नोंद नाकारली जाते. जाहीर केलेल्या फील्डच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावलं तर ते फील्ड नसलं तरी चालतं. पार्सलसाठी किमान टाइप असा होईल: ‘क्रिएट टाइप पार्सलटाइप ॲज ओपन’, आणि आत फक्त एक फील्ड, क्रमांक, प्रकार स्ट्रिंग. एवढ्यावर काम सुरू होतं. शोधकाम करताना, डेटाचा अंदाज नसताना, असाच टाइप घ्यावा.

पण रोजच्या वापरात हे एवढं मोकळं सोडणं महाग पडतं. कारण साठवण्याच्या पद्धतीत आहे. जाहीर केलेल्या फील्डचं नाव आणि प्रकार एकदाच, प्रणालीच्या मेटाडेटात (डेटाविषयीच्या माहितीत) लिहिलेले असतात. नोंदीत फक्त किंमत असते. मोकळ्या फील्डचं नाव आणि प्रकाराची खूण मात्र प्रत्येक नोंदीत पुन्हा लिहावी लागते. २० रोमन अक्षरांचं एक नाव १० कोटी नोंदींत लिहिलं, तर कॉम्प्रेशन नसताना नुसत्या त्या नावालाच २०० कोटी बाइट, म्हणजे साधारण २ जीबी जागा गेली. अशी तीस फील्ड्स असतील तर ६० जीबी नावांतच जातील, आणि क्वेरी चालताना तेवढंच जास्तीचं डिस्कवरून वाचावं लागेल.

म्हणून व्यवहारातला नियम असा ठेवावा: जवळजवळ प्रत्येक नोंदीत येणारी, शोधण्यात, जोडण्यात किंवा गट पाडण्यात वापरली जाणारी फील्ड्स जाहीर करा. क्वचित येणारी आणि वारंवार बदलणारी मोकळी सोडा. टाइप ओपनच राहू द्या. क्लोज्ड टाइपचा मोह बाहेरून येणाऱ्या डेटासाठी टाळावा, कारण समोरच्याने न सांगता एक फील्ड वाढवलं की नोंदी आत घेणं थांबतं.

अर्व्हाइनच्या गटाने या जागेच्या प्रश्नावर पुढे दोन उपाय काढले. पहिला असा की डेटा डिस्कवर उतरत असतानाच प्रणाली नोंदींची रचना स्वतः ओळखते आणि फील्डची नावं नोंदींतून काढून बाजूला एकदाच लिहिते. दुसरा उपाय म्हणजे स्तंभवार साठवण, म्हणजे एकेका फील्डच्या सगळ्या किमती एकत्र ठेवणं. डेटासेट तयार करतानाच ती निवडायची असते आणि ती नव्या आवृत्त्यांत मिळते. पन्नास फील्ड्सपैकी तीनच वाचणाऱ्या क्वेरीला तिचा मोठा फायदा होतो. एक अख्खी नोंद उचलून आणायची तर मात्र वेगवेगळ्या स्तंभांतून ती पुन्हा जुळवावी लागते. तेव्हा विश्लेषणाच्या डेटासेटला स्तंभवार आणि सतत एकेक नोंद वाचल्या-बदलल्या जाणाऱ्या डेटासेटला नेहमीची नोंदवार साठवण, अशी निवड करणं योग्य.

नल, मिसिंग आणि निमूट गळणाऱ्या नोंदी

नव्याने येणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास याचाच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

जेसनमध्ये ‘परत आल्याचं कारण’ हे फील्ड नल (मुद्दाम रिकामं लिहिलेलं) असू शकतं, किंवा ते फील्ड मुळातच नसू शकतं. ॲस्टरिक्सडीबी या दोन अवस्था वेगळ्या मानते, नल आणि मिसिंग. ‘इज नल’ ही अट फक्त पहिली पकडते, ‘इज मिसिंग’ फक्त दुसरी आणि ‘इज अननोन’ दोन्ही. रिलेशनल डेटाबेसच्या सवयीने ‘इज नल’ लिहिलं की फील्डच नसलेल्या नोंदी उत्तरातून गायब होतात. कुठलाही एरर येत नाही. मोजणी कमी भरते एवढंच, आणि ते कित्येक दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

तसंच ‘नाही’च्या अटीचं. ‘स्थिती पोहोचलं नाही’ अशी अट दिली, तर ज्या नोंदींत स्थिती हे फील्डच नाही त्या येतील असं वाटतं. त्या येत नाहीत. मिसिंगची कशाशीही तुलना केली तर उत्तर मिसिंगच असतं, आणि ‘व्हेअर’ फक्त खऱ्या ठरलेल्या नोंदी पुढे जाऊ देतो. अशा अटीला ‘किंवा स्थिती इज अननोन’ हे जोडावंच लागतं.

तिसरा प्रकार पिनकोडचा. एका ॲपने तो ४११०३८ असा आकडा म्हणून पाठवला, दुसऱ्याने अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून. फील्ड मोकळं असेल तर दोन्ही नोंदी सुखाने आत जातात. मग आकड्याशी तुलना केली की स्ट्रिंगवाल्या नोंदी गळतात, स्ट्रिंगशी केली की आकड्यावाल्या. उपाय सोपा आहे, पण तो डेटा आत घेण्याच्या पहिल्याच दिवशी करावा: प्रत्येक महत्त्वाच्या मोकळ्या फील्डवर ‘इज_नंबर’ आणि ‘इज_स्ट्रिंग’ ही फंक्शन्स चालवून किती नोंदी कुठल्या प्रकारच्या आहेत ते मोजायचं. मिश्रण दिसलं तर ‘टू_स्ट्रिंग’ने सगळं एका प्रकारात आणून फील्ड जाहीर करून टाकायचं. विनंतीसोबत ‘मॅक्स-वॉर्निंग्ज’ हा आकडा देऊन प्रणालीचे इशारेही मागवता येतात. विकासाच्या काळात ते नेहमी चालू ठेवावेत.

तारखांचंही असंच आहे. जेसनला तारीख हा प्रकार माहीतच नाही, त्यामुळे तिथून ती स्ट्रिंग म्हणून येते. ॲस्टरिक्सडीबीकडे मात्र दिनांक, वेळ, दोन्ही मिळून असलेली डेटटाइम, कालावधी आणि ठरावीक सुरुवात व शेवट असलेला काळ दाखवणारा इंटरव्हल असे स्वतंत्र प्रकार आहेत. स्ट्रिंग आयएसओ पद्धतीची, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असेल तर ‘डेटटाइम’ फंक्शन तिचं रूपांतर करतं. आपल्याकडे सर्रास लिहितात तशी, दिवस आधी आणि वर्ष शेवटी, असेल तर ‘पार्स_डेटटाइम’ला मांडणीचा नमुना द्यावा लागतो. हे रूपांतर दर क्वेरीत करण्यापेक्षा डेटा आत घेतानाच एकदा करावं. स्ट्रिंग तशीच राहू दिली तर तारखांची क्रमवारी अक्षरांप्रमाणे लागते आणि १० जानेवारी ही ९ जानेवारीच्या आधी येऊ शकते.

विचारायचं कसं

सुरुवातीला या प्रणालीची स्वतःची एक्यूएल नावाची भाषा होती, एक्सएमएलसाठीच्या एक्सक्वेरीच्या वळणाची. पुढे तिची जागा एसक्यूएल++ ने घेतली. या भाषेचा पाया सॅन दिएगो शाखेत यानिस पापाकॉन्स्टँटिनू यांच्या गटाने घातला. ज्याला एसक्यूएल येतं त्याला तिचं ऐंशी टक्के आधीच येतं. उरलेलं शिकायला हवं, कारण एकाच्या आत एक याद्या असलेल्या डेटाची सगळी ताकद तिथेच आहे.

पहिला फरक ‘सिलेक्ट व्हॅल्यू’चा. साधं ‘सिलेक्ट’ प्रत्येक उत्तराभोवती एक ऑब्जेक्ट गुंडाळतं. ‘सिलेक्ट व्हॅल्यू’ नुसती किंमत देतं. दोन हजार पार्सलांचे क्रमांक यादी म्हणून हवे असतील तर दुसरं वापरायचं.

दुसरा फरक आतल्या याद्या उलगडण्याचा. ‘फ्रॉम पार्सल्स पी, पी.हालचाली एच’ असं लिहिलं की प्रत्येक हालचालीची वेगळी ओळ मिळते. हेच ‘अननेस्ट’ शब्द वापरूनही लिहिता येतं. लक्षात ठेवायचं ते हे: ज्या पार्सलची हालचालींची यादी रिकामी आहे किंवा नाहीच, ते पार्सल उत्तरात येत नाही. ते हवं असेल तर ‘लेफ्ट अननेस्ट’. यादीतली एखादी तरी हालचाल अमुक अटीत बसते का एवढंच पाहायचं असेल तर उलगडण्याची गरजच नाही. ‘सम एच इन पी.हालचाली सॅटिस्फाइज’ आणि पुढे अट लिहिली की पुरतं. उलगडलं तर एका पार्सलच्या तीन ओळी होतात आणि वजनाची बेरीज तिप्पट भरते. ही चूक अहवालांत सारखी सापडते.

तिसरा फरक ‘ग्रुप ॲज’. नेहमीच्या एसक्यूएलमध्ये गट पाडला की गटातल्या मूळ नोंदी हातातून जातात आणि फक्त बेरजा-सरासऱ्या उरतात. इथे अख्खा गट एका नावाने हातात राहतो. प्रत्येक केंद्रासाठी एकूण पार्सलं आणि त्यातली सर्वांत उशिरा पोहोचलेली पाच, असं उत्तर एकाच क्वेरीत, आत यादी असलेल्या स्वरूपात मिळू शकतं.

आत काय चालतं

क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा संच, आणि त्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे नोड. त्यांत एक यंत्र मुख्य नियंत्रक असतं, बाकीची नोड नियंत्रक. क्वेरी मुख्य नियंत्रकाकडे येते. तिथे अल्जेब्रिक्स नावाचा थर तिचं कामांच्या आराखड्यात रूपांतर करतो आणि त्यात सुधारणा करतो. तो आराखडा हायरॅक्स हे खालचं इंजिन सगळ्या नोड्सवर समांतर चालवतं. हायरॅक्सवरचा मूळ शोधनिबंध २०११ चा, आणि त्याचे पहिले लेखक विनायक बोरकर. डेटा एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे कसा जावा हे इथे वेगळं सांगितलेलं असतं: त्याच यंत्रात पुढे, कीच्या हॅशप्रमाणे (कीवरून गणिताने काढलेल्या आकड्याप्रमाणे) वाटून, किंवा सगळ्यांना एकेक प्रत. ‘एक्सप्लेन’ लावून आराखडा वाचायला शिका. ‘हॅश पार्टिशन’ हा शब्द जिथे दिसेल तिथे डेटा नेटवर्कवरून जातोय, आणि वेळ बहुतेक तिथेच खर्च होतो.

नोंदी नोड्सवरच्या विभागांत वाटल्या जातात त्या प्रायमरी कीच्या हॅशप्रमाणे. म्हणून एका कीची नोंद शोधायची तर नेमका विभाग ठाऊक असतो. प्रत्येक विभागात साठवण एलएसएम वृक्षाची असते. ही कल्पना १९९६ ची, पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांची. दुकानदार दिवसभराचे व्यवहार आल्या क्रमाने रोजकीर्दीत उतरवतो आणि मग सवडीने खतावणी करतो, तसाच हा प्रकार. नवी नोंद आधी मेमरीतल्या भागात जाते, तो भरला की क्रमाने लावून डिस्कवर एका दमात उतरवला जातो. डिस्कवर उतरलेला भाग पुन्हा बदलला जात नाही. नोंद काढून टाकली तर ‘ही की रद्द’ अशी खूण नव्या भागात लिहिली जाते. भाग फार वाढले की ते एकत्र करून एक मोठा भाग बनवला जातो, आणि तेव्हा रद्द झालेल्या नोंदींची जागा खऱ्या अर्थाने मोकळी होते.

याचे दोन परिणाम वापरणाऱ्याला जाणवतात. लाखभर नोंदी डिलीट केल्या तरी डिस्कवर लगेच जागा होत नाही. आणि भाग एकत्र होत असताना जुने आणि नवा दोन्ही काही काळ डिस्कवर असतात. ९० टक्के भरलेली डिस्क अशा वेळी पूर्ण भरून सगळं ठप्प होऊ शकतं. सर्वांत मोठ्या डेटासेटच्या एका विभागाएवढी तरी जागा कायम मोकळी ठेवा.

प्रायमरी कीखेरीज इतर फील्डवरून झटकन शोधण्यासाठी सेकंडरी इंडेक्स (शोधसूची) असतात. ते चार प्रकारचे मिळतात. नेहमीच्या तुलनांसाठी बी-ट्री, नकाशावरच्या बिंदूंसाठी आर-ट्री, मजकुरातल्या शब्दांसाठी कीवर्ड आणि अंदाजे जुळणाऱ्या शब्दांसाठी, शब्दाचे काही अक्षरांचे तुकडे पाडणारा, एनग्रॅम. हा शेवटचा नावांच्या बाबतीत फार कामाचा. कुलकर्णी आणि कुळकर्णी यांत एकाच अक्षराचा फरक, म्हणजे एडिट डिस्टन्स १. ‘एडिट_डिस्टन्स’ची मर्यादा देऊन असे जवळचे शब्द शोधता येतात, आणि एनग्रॅम इंडेक्स असेल तर अख्खा डेटा न चाळता. अगदी आखूड शब्दांवर मात्र या इंडेक्सचा उपयोग होत नाही, कारण तुकडे पाडायला अक्षरंच पुरत नाहीत.

सेकंडरी इंडेक्स प्रत्येक विभागात त्याच विभागातल्या नोंदींपुरता असतो. त्यामुळे त्याच्यामार्फत केलेला शोध सगळ्या विभागांकडे जातो. प्रत्येक विभाग आपल्याकडच्या जुळणाऱ्या कीज काढतो, क्रमाने लावतो आणि मग त्या नोंदी मुख्य साठ्यातून आणतो. थोड्या नोंदी जुळत असतील तर हे उत्तम. अर्ध्याहून जास्त जुळत असतील तर सरळ सगळं वाचणं परवडतं. जुन्या आवृत्त्यांतला ऑप्टिमायझर (क्वेरीचा आराखडा निवडणारा भाग) ठरीव नियमांवर चालतो आणि अटीला इंडेक्स लागू पडला की तो वापरतोच. तिथे ‘स्किप-इंडेक्स’ ही सूचना अटीजवळ लिहून त्याला अडवावं. नव्या आवृत्त्यांत ‘ॲनलाइझ डेटासेट’ चालवून नमुने गोळा करता येतात आणि खर्चाचा अंदाज काढून निवड होते. मोठा डेटा भरल्यावर ही आज्ञा चालवायला विसरू नये.

मोकळ्या फील्डवर इंडेक्स करायचा तर इंडेक्समध्येच त्याचा प्रकार सांगावा लागतो. पुढे ‘एन्फोर्स्ड’ लिहिलं तर त्या फील्डमध्ये वेगळ्या प्रकारची किंमत आणणारी नोंद नाकारली जाते. पिनकोडच्या गोंधळाला हा चांगला बांध आहे, पण जुन्या नोंदी साफ करून झाल्यावरच घालावा.

आणखी एक सोय कमी वापरली जाते. डेटासेट करतानाच ‘विथ फिल्टर ऑन’ आणि पुढे वेळेचं फील्ड दिलं, तर डिस्कवरच्या प्रत्येक भागासोबत त्या फील्डची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत लिहून ठेवली जाते. ‘गेल्या दोन दिवसांतली पार्सलं’ विचारली की जुने भाग उघडलेही जात नाहीत. डेटा वेळेच्या क्रमाने येत असेल तर याचा फायदा मोठा. जुनी-नवी सरमिसळ करून भरला तर जवळजवळ शून्य, कारण मग प्रत्येक भागात सगळ्या काळाच्या नोंदी असतात.

सुरू करून पाहायचं तर

एका लॅपटॉपवरही हे चालतं. त्या आवृत्तीच्या कागदपत्रांत सांगितलेलाच जावा आधी बसवा. जावाची आवृत्ती न जुळणं हे सुरुवातीलाच अडकण्याचं नेहमीचं कारण. प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून सर्व्हरची झिप घेऊन उलगडा, आणि आत ‘ऑप्ट’, मग ‘लोकल’, मग ‘बिन’ या फोल्डरमधली ‘स्टार्ट-सॅम्पल-क्लस्टर’ नावाची स्क्रिप्ट चालवा. एकाच यंत्रावर मुख्य नियंत्रक आणि दोन नोड सुरू होतात. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या १९००६ पोर्टवर क्वेरी लिहायची खिडकी उघडते, आणि प्रोग्राममधून विनंती पाठवायची तर १९००२ पोर्टवरची ‘क्वेरी/सर्व्हिस’ ही वाट. दोन्ही पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. क्लस्टर खासगी नेटवर्कातच असू द्या.

डेटा भरण्याचे मार्ग चार. ‘लोड’ सर्वांत वेगवान, पण फक्त रिकाम्या डेटासेटवर चालतो. त्यात पथाच्या आधी नोडचा पत्ता लिहावा लागतो, आणि फाइल त्या नोडच्या डिस्कवर असावी लागते, तुमच्या लॅपटॉपवर नव्हे. ‘इन्सर्ट’ला तीच की पुन्हा आली की एरर येतो. ‘अपसर्ट’ जुनी नोंद काढून नवी ठेवतो, आणि इथे नीट लक्ष द्या: तो नोंद पूर्ण बदलतो, फक्त पाठवलेली फील्ड्स नव्हे. पार्सलची नवी स्थिती तेवढी अपसर्ट केली तर आधीच्या सगळ्या हालचाली जातील.

चौथा मार्ग फीड. फीड तयार करायचं, ते डेटासेटला जोडायचं आणि सुरू करायचं. सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या उघड्या जोडणीतून, सतत येणाऱ्या नोंदी मग आपोआप आत जात राहतात. सतत चालणाऱ्या फीडवर बाहेरून नजर ठेवावी: दर काही मिनिटांनी सर्वांत नव्या नोंदीची वेळ विचारायची, आणि ती मागे पडली की इशारा द्यायचा. डेटा आत आणायचाच नसेल तर एचडीएफएस (हडूपची फाइलव्यवस्था) किंवा एस३ (ॲमेझॉनचा क्लाउड साठा) वरच्या फाइलींवर एक्स्टर्नल डेटासेट करून तिथल्या तिथेही क्वेरी चालवता येते, मात्र तो फक्त वाचण्यापुरता.

व्यवहारांची हमी एका नोंदीपुरती असते. एका आज्ञेत हजार नोंदी घातल्या आणि मध्येच एकीवर एरर आला, तर काही आत गेलेल्या असू शकतात. म्हणून पुन्हा चालवता येईल अशी आज्ञा लिहावी, शक्य तिथे इन्सर्टऐवजी पूर्ण नोंदीचा अपसर्ट. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात घालण्यासारखं काम या प्रणालीकडे देऊ नये.

मेमरीचा हिशोब आधी मांडा. क्रमवारी, जोड आणि गट या प्रत्येक कामाला मूळ मांडणीत प्रत्येक विभागात ३२ एमबी मिळतात. एका नोडवर आठ विभाग, क्वेरीत अशी तीन कामं आणि एका वेळी दहा क्वेरी धरल्या तर ३२ गुणिले ८ गुणिले ३ गुणिले १०, म्हणजे ७६८० एमबी, साडेसात जीबी. याखेरीज डिस्कवरची पानं धरून ठेवणारा बफर कॅश आणि एलएसएमचे मेमरीतले भाग वेगळे. दिलेली मेमरी पुरली नाही तर काम बंद पडत नाही, डिस्कवर सांडत पूर्ण होतं, पण कित्येक पट सावकाश. एखादीच मोठी जोड अडत असेल तर त्या क्वेरीपुरती ‘सेट’ने ‘कंपायलर.जॉइनमेमरी’ वाढवा. सगळ्यांसाठी वाढवली की गर्दीच्या वेळी यंत्र कोलमडतं. जोडीतला एक संच अगदी लहान असेल, उदाहरणार्थ केंद्रांची यादी, तर ‘बीकास्ट’ सूचनेने त्याची प्रत सगळ्या नोड्सना पाठवा. मोठा संच नेटवर्कवरून हलवावाच लागणार नाही.

सगळा डेटा एका चांगल्या यंत्रात मावत असेल तर पोस्टग्रेस या मुक्त स्रोत रिलेशनल डेटाबेसमधल्या, जेसन साठवणाऱ्या जेसनबी प्रकाराने तुमचं काम होईल, आणि सांभाळायलाही ते सोपं जाईल. दहा-वीस कोटींच्या पुढे नोंदी, प्रत्येकीत याद्या, आणि त्यावर मोठ्या जोडण्या सतत लागत असतील, तेव्हा अनेक यंत्रांचा हा खटाटोप सार्थकी लागतो.

शेवटी बॅकअप. मूळ मांडणीत डेटाची दुसरी प्रत ठेवली जात नाही. एका नोडची डिस्क गेली की तिच्यावरचे विभाग गेले. टाइप, डेटासेट आणि इंडेक्स यांची सगळी नोंद असलेलं ‘मेटाडेटा’ डेटाव्हर्सही एकाच नोडवर असतं, आणि तो नोड बंद पडला तर बाकीचे धडधाकट असूनही क्लस्टर वापरता येत नाही. त्यामुळे टाइपपासून इंडेक्सपर्यंतच्या सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवा, आत येणाऱ्या मूळ जेसन फाइली बाहेर दुसऱ्या साठ्यात जपा, आणि त्या दोन्हींवरून रिकामं क्लस्टर पुन्हा भरायला किती तास लागतात ते एकदा प्रत्यक्ष करून मोजून ठेवा.